मागच्या सीटवरचं अर्थिंग

आमच्या गाडीत नवा स्टिरिओ बसवला तेव्हा त्याला अर्थिंग म्हणून भालूकाकांना बसवावं लागलं. ही तक्रार नाही. जुन्या गाडीत नवी वस्तू घालायची म्हटल्यावर कुठेतरी तडजोड करावीच लागते.

गाडी वडिलांच्या वेळची. तिच्यात मूळचा एक रेडिओ होता, तो फक्त सांगली दाखवायचा आणि वाजवायचा काहीच नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. दिवसभर नद्यांची नावं पोरांच्या गळी उतरवून घरी निघालेल्या माणसाला दोन गाणी ऐकावीशी वाटली तर त्यात गैर काय? म्हणून दिवाळीत मोठ्या हौसेने टचस्क्रीनचा स्टिरिओ आणला आणि गाडी तासगावच्या स्टँडमागे इकबालभाईंच्या गॅरेजला लावली. सोबत काकांना नेलं. भालूकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. सूतगिरणीतून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे, आमच्याकडेच राहणारे. आमच्या घरात काकांना कुठेही न्यायचं ते काहीतरी धरायला. शिडी धरायला, रांगेत जागा धरायला, त्या दिवशी टॉर्च धरायला.

इकबालभाईंनी डॅशबोर्ड उघडला. आतल्या सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. तरीही त्यांनी स्टिरिओची पिवळी वायर थेट बॅटरीला दिली, लाल वायर चावीला दिली आणि काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला घेतली. तिथे घोडं अडलं. आमच्या गाडीत पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. ते प्रत्येक स्क्रूला वायर लावून पाहत होते, स्क्रीन उजळत होता आणि लगेच मान टाकत होता.

"सर, बॉडीला अर्थ मिळंना झालाय," ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले. वायर पायात येत होती, म्हणून काकांनी ती उचलून धरली. त्याबरोबर स्टिरिओ सुरू झाला आणि असा स्वच्छ वाजू लागला की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही हातातलं काम थांबवलं.

इकबालभाईंनी मीटर आणला. एक पिन काळ्या वायरला, दुसरी काकांच्या अंगठ्याला. काटा शून्यावर जाऊन गप्प बसला. मग त्यांनी माझा अंगठा पाहिला, तर काटा थरथरत राहिला. माझी बायको शैला मागाहून आली होती. तिचा पाहिला तर काटा उलट्या बाजूला गेला. मीटर बिघडलाय, असं ती म्हणाली. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

"ह्यांच्यात काही अडतच नाही," इकबालभाई काकांकडे कौतुकाने पाहत म्हणाले. काकांच्या आत गेलेलं पुढे कुठे जातं, असं मी विचारलं. अर्थिंगला असं विचारत नाहीत, असं उत्तर मिळालं.

मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरी कोणाचंही काही तुंबलं की तो काकांकडे जायचा. आई त्यांना शेजारणीबद्दल सांगायची, शैला आईबद्दल, आणि मी शाळेबद्दल, शैलाबद्दल आणि आईबद्दल. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं." त्यातलं काही कधी बाहेर आलं नाही.

तर काका मागच्या सीटवर डावीकडे बसू लागले. काळ्या वायरचं सोललेलं टोक त्यांच्या चिमटीत. गाडीच्या पासिंगला साहेबांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं आणि आसनसंख्या एकाने कमी केली. एकदा सांगलीच्या नाक्यावर हवालदाराने अडवून हे कोण म्हणून विचारलं. अर्थिंग आहे, असं मी सांगितलं. अर्थिंगलाही बेल्ट लावायचा, अशी समज देऊन त्याने सोडलं. आम्ही कोल्हापूरला जाऊन आलो, औदुंबरला जाऊन आलो. वाटेत चहाला थांबलो की काकांना वायर खाली ठेवावी लागे आणि गाणं कडव्यातच तुटे. म्हणून पुढे पुढे आम्ही त्यांचा चहा खिडकीतून देऊ लागलो.

थंडी सरता सरता स्टिरिओत गुणगुण सुरू झाली. गाण्याच्या मागे बारीक, एकसुरी, भुंगा फिरावा तशी. मी वैतागलो. एवढी हौसेची वस्तू आणि तिला हे दुखणं. इकबालभाई पुढच्या सीटवर बसले, मी गाडी चालवली आणि गुणगुण कुठे वाढते ते पाहत आम्ही सगळं गाव पालथं घातलं. बाजारामागच्या गल्लीत ती वाढली आणि इंदुमतीबाई ढवळ्यांच्या पिठाच्या गिरणीसमोर तर गाणंच ऐकू येईना.

"थ्री फेजची मोटर," इकबालभाईंनी निदान केलं. "मोटरचा आवाज वायरीत उतरायलाय." त्यांनी एक फिल्टर बसवला, मग दुसरा बसवला. गुणगुण हलली नाही. मी इंदुमतीबाईंकडे जाऊन मोटर थोडा वेळ बंद ठेवण्याची विनंती केली. बाई विधवा, एकट्याच गिरणी चालवणाऱ्या, बोलायला नेमक्या. गिऱ्हाईक उभं असताना मोटर थांबणार नाही, सोमवारी गिरणी बंद असते, तेव्हा या, असं त्यांनी सांगितलं.

सोमवारी आम्ही गेलो. मोटर बंद होती, पट्टाही काढून ठेवला होता. इंदुमतीबाई पायरीवर बसून ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं, काकांनी नजर खाली घातली, आणि स्टिरिओतून असा घुमारा उठला की ॲशट्रेचं झाकण खडखडू लागलं.

इकबालभाईंनी मीटर काढला आणि पिन काकांच्या अंगठ्याला लावली. काटा शून्यावर नव्हता. "काकांच्यात काहीतरी अडकलंय, सर," ते हळूच म्हणाले.

काकांच्यात अडकण्यासारखं काय असणार? मी मागे वळून जरा चिडूनच विचारलं. काकांनी बराच विचार केला.

"मला हितं उतरायचंय," ते म्हणाले.

उतरा की, पाय मोकळे करा, असं मी म्हणालो.

"तसं नव्हे. कायमचं."

घरी येऊन बैठक बसली. या वयात भावजींना हे काय सुचलं, लोक काय म्हणतील, असं आईचं म्हणणं पडलं. मे महिन्यात गोवा ठरलंय आणि गाण्याशिवाय एवढा घाट उतरायचा का, हा शैलाचा मुद्दा. अर्थिंगने मध्येच उतरण्याची कुठल्याच वायरिंगमध्ये सोय नसते, असं मी सांगितलं आणि बोलताना टेबलावर हातही आपटला. खरं तर मला भीती वाटत होती. काका गेले तर उद्या शाळेतून आल्यावर मी कुणापाशी बसणार होतो? आईला आणि शैलालाही तेच वाटत असावं, कारण आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता काकांकडे बघून बोलत होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पण "बरं" म्हणाले नाहीत. ते न म्हटल्यामुळे आमचं बोलणं खोलीतच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मिक्सर, पंखा आणि देवघरातला दिवा, जे जे विजेवर चालतं ते सगळं गुणगुणू लागलं.

इकबालभाईंनी बदली अर्थिंग शोधायची पराकाष्ठा केली. शेजारचे, ओळखीचे, पाहुणे, सगळ्यांचे अंगठे तपासले. शैलाचा एक आतेभाऊ विपश्यना करून आला होता. त्याचा काटा थेट शून्यावर गेला आणि आमच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याच्या मुलाचा फोन आला आणि मीटरचा फ्यूज उडाला.

शेवटी आम्ही तिघं इंदुमतीबाईंकडे तोडगा घेऊन गेलो. काकांनी इतर दिवशी गिरणीवर राहावं आणि सुट्टीच्या दिवशी गाडीत, असा माझा प्रस्ताव होता. बाईंनी तो शांतपणे ऐकला, दळण कधी मिळेल असं कुणी विचारल्यावर ऐकावं तसा. मग काका अर्थिंगला कधीपासून आहेत, अशी चौकशी केली. मी दिवाळीपासून म्हणालो.

"स्टिरिओला दिवाळीपासून," आई म्हणाली. ती खोटं बोलत नाही. "घराला, ह्याचे वडील गेल्यापासून."

बाई उठल्या आणि आम्हाला गिरणीच्या मागे घेऊन गेल्या. तिथे जमिनीत सिमेंटचा एक गोल होता आणि त्यात गिरणीच्या मोटरची अर्थिंगची पट्टी उतरली होती. आत मीठ आणि कोळसा भरलाय, असं त्यांनी सांगितलं. शेजारी बादली होती. माती ओली होती.

"उन्हाळ्यात रोज पाणी ओतायला लागतं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माती सुकती, आन मोटर झटका द्यायला लागती. तुम्ही ह्यांना काय घालत होता?"

जेवण वेळेवर असतं, असं शैला म्हणाली.

"ते झालंच. दळण घेऊन येतात तवा मी विचारते, पाणी घेणार का. होय म्हणतात. घरात कोण विचारतंय?"

आम्ही आठवून पाहिलं. तिघांनीही अगदी मनापासून आठवून पाहिलं. काकांनी आम्हाला पाणी दिल्याचं पुष्कळ आठवलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मी भूगोलाचा माणूस, मी मातीकडे बघत राहिलो.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून इकबालभाईंनी सही केली. काका आमच्याच गाडीतून गिरणीवर गेले आणि उतरताना त्यांनी वायरीचं टोक सीटवर नीट वळवून ठेवलं. स्टिरिओ बंद पडला. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही तिघंच होतो. शैलाने आईला विचारलं, पाणी हवंय का. आई हो म्हणाली.

गोव्याला आम्ही गाण्याशिवाय गेलो. घाटात भांडलो, मग थोडं बोललो. घरातला पंखा आता गुणगुणत नाही.

सोमवारी संध्याकाळी आम्ही गाडी गिरणीसमोर लावतो. शैला आधी पाण्याचा तांब्या घेऊन जाते. काका पाणी पितात, हात पुसतात, पायरीजवळ उभे राहून खिडकीतून काळी वायर चिमटीत धरतात आणि स्टिरिओ सुरू होतो. इकबालभाई अधूनमधून येऊन अंगठा तपासून जातात. काटा शून्यावर असतो. गाणं चालू असताना आई त्यांना शेजारणीचं सांगते. थोडं ऐकून काका म्हणतात, "वहिनी, आता पुरे." आई थांबते.

स्टिरिओतली गुणगुण पूर्ण गेली आहे. ती आता काकांच्या तोंडून येते. गाणं लागलं की ते त्याच्याबरोबर गुणगुणतात आणि इंदुमतीबाई पिठाच्या डब्यावर ठेका धरतात. काकांचा सूर जरा खालीच लागतो आणि आवाजही फार नाही, एवढ्या महागड्या स्टिरिओपुढे तो ऐकू येत नाही.

म्हणून मी स्टिरिओ बारीक करतो.