शेवट वगळून शिफारस

पुस्तक पावसापासून वाचवता येतं, वाळवीपासून वाचवता येतं, मांजर पाळलं तर उंदरापासूनही वाचवता येतं. वाचकापासून वाचवणं मात्र फार अवघड आहे. वाळवी निदान मुकाट्यानं खाते. वाचक पुस्तक घरी नेतो, उशाला घेतो, पानांचे कान दुमडतो, कालवणाचा हात लावतो आणि वर 'याचा दुसरा भाग आहे का?' म्हणून तोंड वर करून परत येतो. ज्या वाचनालयांना ही गोष्ट वेळेत उमगली, ती टिकली.

वडवणी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाला (गावाचं नाव सांगितलं तर सत्काराला बोलावतील) ती फार पूर्वीच उमगली होती. तिथला ग्रंथपाल उत्तरेश्वर कपाटांच्या किल्ल्या करदोड्याला बांधून फिरे. आंघोळीलाही त्या उतरवत नसे. पुस्तकं काचेतून बघायला कुणालाच मनाई नव्हती. बाहेरच्या खोलीत पेपर वाचायला म्हातारी माणसं येत, ती पेपर तोंडावर घेऊन झोपत, त्यामुळे पेपरांचंही फारसं नुकसान होत नसे. उत्तरेश्वरनं स्वतः कधी पुस्तक वाचलं नव्हतं. हलवाई कुठं स्वतःचे पेढे खातो, असं तो म्हणे, आणि त्याच्या या सचोटीचं गावाला कौतुक होतं.

अशा सुखी संस्थेवर श्रावणात वरून एक परिपत्रक येऊन पडलं. किशोरवयीन वाचकांसाठी उपक्रम राबवावेत, त्यांना योग्य पुस्तकांची शिफारस करावी आणि फोटो जोडावेत. फोटो जोडावेत हे शब्द ठळक होते, त्यामुळे परिपत्रकाचा अर्थ समजायला अडचण आली नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष अमरसिंह. गावात जे जे काही आहे त्याचे अध्यक्ष तेच असल्यानं त्यांना सवय होती. त्यांनी लगोलग शिफारस समिती नेमली: स्वतः ते, शाळेतून निवृत्त झालेले राधाकिशन गुरुजी आणि किल्ल्या असल्यामुळे उत्तरेश्वर. समितीनं आधी किशोरांची पाहणी केली. गावात किशोर तीन प्रकारचे निघाले. मोबाईल असलेले, मोबाईल मागणारे आणि कारखान्याला जाणारे. तिसऱ्या प्रकाराला पुस्तक देण्यात अर्थ नव्हता. दिवाळी झाली की ही लेकरं आईबापांबरोबर ऊस तोडायला जातात, आणि उसाच्या फडात पुस्तक टिकत नाही (रसानं चिकट होतं).

मग निकष ठरले. पुस्तकात प्रेम असल्यास ते देशावर, आईवर किंवा गाईवर असावं. लहानांनी मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये; दिलंच तर पुढच्या पानावर त्यांना ताप यावा. भूत चालेल, पण घराबाहेर पडलेली मुलगी चालणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तक वाचून किशोरास प्रश्न पडता कामा नयेत. हा शेवटचा निकष गुरुजींचा. चौतीस वर्षं त्यांनी तो वर्गात यशस्वीपणे राबवला होता.

"पर येवढी पुस्तकं वाचायची कवा?" अमरसिंहांनी रास्त शंका काढली. "गुरुजी, शेवटचं पान बघत चला. पिच्चरचा बी शेवट बघितला की सगळा पिच्चर कळतो."

समिती शेवटची पानं बघत चालली आणि हादरली. सगळी भानगड तिथंच भरलेली होती. पुस्तकांत शेकडो पानं माणसं गुमान सोसत, पाणी भरत, मोठ्यांच्या पाया पडत. आणि शेवट जवळ आला की एकाएकी कुणी घर सोडून शिकायला जाई, कुणी पाटलाला जाब विचारी, कुणी खरं बोले. इतक्या चांगल्या पुस्तकांचा शेवटी असा विचका का करतात, हे गुरुजींना कळेना. जवळजवळ सगळं कपाट बाद व्हायच्या बेतात आलं.

तोडगा उत्तरेश्वरनं काढला. पुस्तक बाद कशाला करायचं? शेवटची पानं तेवढी पिना मारून बंद करावीत. अमरसिंहांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बे उत्तऱ्या, तू तर वकील व्हायला पायजे व्हता!" दोन दिवस वाचनालयात स्टेपलरचा आवाज घुमला, आणि प्रत्येक पुस्तकावर शिक्का बसला: शिफारसपात्र (शेवट वगळून).

पुढं वाचन सप्ताह झाला. पहिल्या दिवशी फेरी, दुसऱ्या दिवशी रांगोळी, तिसऱ्या दिवशी डोक्यावर पुस्तक ठेवून चालण्याची स्पर्धा. ही फार रंगली, कारण तीत पुस्तक उघडावं लागत नव्हतं. चौथ्या दिवशी वाचन, म्हणजे फोटो. चाळीस पोरंपोरी सतरंजीवर बसवली, प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक दिलं आणि फोटोग्राफरनं 'इकडं बघा' म्हटल्यावर एकोणचाळीस तोंडं वर झाली. एक खालीच राहिलं.

ती मंगल. नववीतली, पंधरा वर्षांची. आई भिवराबाई आणि बाप दोघंही ऊसतोड करणारे, म्हणजे ती तिसऱ्या प्रकारातली. गर्दी कमी पडली म्हणून तिला बोलावून घेतलं होतं. तिच्या हाती हिरव्या पुठ्ठ्याची एक कादंबरी आली होती आणि ती पोरगी चक्क ती वाचत होती.

"काय पोज दिली पोरीनं!" अमरसिंह खूश झाले. "एकदम खरी वाटती."

मंगलला उत्कृष्ट वाचक हा मान मिळाला. तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स चौकात लागला, त्यात वरच्या बाजूला ती पुस्तकासकट लहान आणि खालच्या बाजूला अमरसिंह हात जोडून मोठे. आणि बक्षीस म्हणून ती कादंबरी घरी न्यायची परवानगी. उत्तरेश्वरचा हात किल्ल्यांवर गेला, पण अध्यक्षांनी जाहीर केल्यावर तो काय करणार?

आठवड्यानं ती परत आली. पुस्तक ओढणीत गुंडाळलेलं, एकाही पानाचा कान दुमडलेला नाही, पिनाही जागच्या जागी. उत्तरेश्वरचा जीव भांड्यात पडला. पण ती जाईना.

"काका, शेवटी काय व्हतं?"

"कशाचं?"

"हिच्यातल्या पोरीचं. लगीन ठरवल्यालं असतंय तिचं. तिला शिकायचं असतंय. मांडव पडला, हळद लागली, आन् मंग पिना."

"चांगलंच होतं," उत्तरेश्वर म्हणाला.

"तुमी वाचलंय?"

"न्हाई."

"मंग चांगलं व्हतं ते कशावरून?"

गुरुजींचा शेवटचा निकष किती दूरदृष्टीचा होता, हे उत्तरेश्वरला तेव्हा कळलं. त्यानं विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तुला येवढी घाई कावून?"

"माझंबी ठरलंय," मंगल म्हणाली. "तुळशीचं लगीन झालं की दुसऱ्या दिशी."

यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला टोळीचा मुकादम अर्धा कोयता समजतो. म्हणून पोरगा-पोरगी हाताशी आले की दोन अर्धे जोडून एक पूर्ण करतात, आणि या जोडकामाला पत्रिकेत शुभविवाह म्हणतात. कायद्याला पोरीची अठरा वर्षं लागतात, मुकादमाला लागत नाहीत. उत्तरेश्वरनं अशी कितीतरी लग्नं जेवली होती.

तरी त्याला राहवेना. बाजारात भिवराबाई भेटली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, पोर हुशार हाय. दोन-तीन वर्सं थांबा की."

भिवराबाईनं भाजीची पिशवी खाली ठेवली. "भाऊ, आमी दोघं दिस उगवायच्या आदी फडात असतो. पाचटाच्या कोपीत पोर एकटी. मागल्या साली एक मेला दोनदा दाराशी येऊन गेलता. हिच्यावर ध्यान कोन ठिवल? तुमची समिती ठिवल का?"

समितीच्या निकषांत तशी तरतूद नव्हती. उत्तरेश्वर घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपरवाली मंडळी पेपराखाली घोरत असताना, त्यानं हिरवी कादंबरी काढली. आता हे नीट समजून घ्या: त्यानं समितीचा ठराव मोडला नाही. लोखंडी पिनेला गंज चढतो, गंजानं कागद खराब होतो, आणि कागद जपणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे. त्या कर्तव्यापोटी त्यानं नखानं एकेक पिन उचकटली. काढलीच आहे तर गंज आत कुठवर गेलाय ते बघावं, म्हणून त्यानं शेवटची पानं वाचली. मग, इतका गंज अचानक कुठून आला हे कळावं म्हणून, त्यानं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. संध्याकाळी म्हातारी मंडळी उठून गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. डोळे पुसून त्यानं पुस्तक पिशवीत घातलं आणि मंगलच्या घरी नेऊन दिलं. नोंद केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

लग्नाचा दिवस ठरल्याप्रमाणे उगवला. चौकातला फ्लेक्स सप्ताह संपल्यावर बिनकामाचाच होता, तो आचाऱ्यांनी भट्टीमागं आडोशाला बांधला, त्यामुळे नवरीचा वाचतानाचा फोटो बुंदीच्या धुरात सगळ्यांना दिसत होता. चारशे माणसं जेवायला. एक पंगत उठली होती, दुसरी बसली होती. पंगतीत गुरुजी होते, ज्यांनी मंगलचं नाव पहिलीला स्वतःच्या हातानं घातलं होतं. ग्रामसेवक होते, गावातले बालविवाह रोखणं हे ज्यांचं सरकारी काम आहे आणि ज्यांना मठ्ठा आवडतो. उत्तरेश्वरही होता.

मंगलाष्टकांआधी अमरसिंहांनी माईक घेतला. नवरदेवाला आशीर्वाद, कारखान्याला आशीर्वाद, आणि मग त्यांना फ्लेक्स दिसला. "आपली मंगल, आपल्या वाचनालयाची उत्कृष्ट वाचक! बोल बाई दोन शब्द. वाचनानं काय फायदा झाला ते सांग सगळ्यांना."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माईक तिच्या हळदीच्या हातात दिला.

मंगलनं माईक दोन्ही हातांनी धरला. तिनं एकदा आईकडं बघितलं. "मला एकच इचारायचं हाय," ती म्हणाली. "हितं येवढी मान्सं हायेत. माझं वय किती हाय, कुनी सांगल का?"

हे वाक्य त्या कादंबरीतलं होतं, पिनांच्या पलीकडचं. मांडवातल्या दोनच माणसांना ते ठाऊक होतं.

 गुरुजींना अचानक पत्रावळीत काहीतरी सापडलं. ग्रामसेवकांनी मठ्ठा पुन्हा मागितला. भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. कुणी मोबाईल काढला, कुणी 'वाढा, वाढा' म्हणालं. उत्तरेश्वरच्या हातात बुंदीचा घास होता. तो घास परत पत्रावळीत ठेवायला त्याला जितका वेळ लागला तितका वेळ आयुष्यात कशालाच लागला नव्हता. मग तो उभा राहिला.

"पंधरा," तो म्हणाला.

एवढंच. पण चारशे माणसांत मोठ्यानं उच्चारलेली गोष्ट ऐकलीच नाही असं म्हणण्याची सोय शासनानं ग्रामसेवकाला अजून दिलेली नाही. त्यांना मठ्ठा ठेवून उठावं लागलं. तासाभरानं वडवणीहून पोलिसांची गाडी आली, आणि नवरदेव बाशिंग काढून बापाच्या मागं उभा राहिला. तोही सतराचाच होता. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद लपत नव्हता, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. भिवराबाई दोन दिवस उत्तरेश्वरला शिव्या देत होती; तिसऱ्या दिवशी तिनं मंगलला ऊसतोडीच्या लेकरांसाठी असलेल्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात सोडलं, तिथल्या बाईंचा नंबर तीनदा मोबाईलवर तपासून घेतला आणि टोळीच्या गाडीत बसली. समितीनं तातडीची बैठक घेऊन उत्तरेश्वरकडून किल्ल्या काढून घेतल्या. करदोडा कापावा लागला. वाचनानं समाजपरिवर्तन घडवल्याबद्दल वाचनालयाला प्रशस्तिपत्र आलं, ते अमरसिंहांनी हात जोडून स्वीकारलं. गुरुजींनी नवा ठराव मांडला की शेवट बंद करून भागत नाही, यापुढं सुरुवातीलाही पिना माराव्यात. तो एकमतानं मंजूर झाला.

उत्तरेश्वर आता पेपरवाल्या खोलीत बसतो आणि काचेतून पुस्तकं बघतो. गावात त्याला कुणी जेवायला बोलावत नाही. कुठल्या पंगतीत उठून काय बोलेल, सांगता येत नाही.

वाचकहो, इथवर आलात आणि उत्तरेश्वरचा तुम्हाला अभिमान वाटला असेल. त्याच्या जागी आपणही उभे राहिलो असतो, असंही मनात आलं असेल. ते साहजिक आहे. पण हिशोब साधा आहे. त्या मांडवात चारशे माणसं होती, मंगलचं वय सगळ्यांना ठाऊक होतं, आणि उभा राहिला एक. तो तुम्ही नव्हतात, त्याचं नाव उत्तरेश्वर. म्हणजे तुम्ही उरलेल्यांत होतात.

बुंदी कशी झाली होती?