धुंडा तरसाच्या अल्बमला झाड हवं

एका जंगलात, मुलांनो, मंगळवार होता.

मंगळवारी तिथं विशेष काही घडत नसे. ससे चरत होते. रेडा चिखलात बसला होता. माकडीण पोराच्या डोक्यातल्या उवा बघत होती. तेवढ्यात साळुंकी ओरडत आली, "ऐकलंत का? धुंडा तरस एकट्याचा अल्बम काढतोय!"

"एकट्याचा म्हणजे?" रेड्यानं विचारलं.

"म्हणजे बाकीचे नाहीत."

"भांडण झालं असणार," माकडीण म्हणाली आणि समाधानानं पुढची ऊ शोधू लागली.

भांडण झालं नव्हतं. धुंडा पूर्वी 'गडगडाट' नावाच्या रॉक बँडमध्ये गायचा. तो गायला लागला की हरणं आधी घाबरत आणि मग नाचत. साळिंदर आपल्याच पाठीवरचे काटे छेडून गिटार वाजवी. सुतार पक्षी वाळक्या खोडावर चोच आपटून ड्रम वाजवी. गेल्या उन्हाळ्यात सुतार गेला. कसा गेला ते सांगत बसत नाही. जातात तसाच गेला. त्यानंतर बँड वाजला नाही, एवढंच.

मग धुंडानं एकट्यानंच गाणी केली. त्यांत रॉक होतं, कव्वाली होती, पारव्यांचं घुमणं होतं, होळीची बोंब होती आणि एक अंगाईसुद्धा होती. शेवटच्या गाण्यात मधे मधे जागा रिकाम्या होत्या. तिथं सुतारानं टकटक केली असती.

आता त्या जंगलाची एक रीत सांगतो, नीट ऐका. तिथं प्रत्येक गाण्याला झाड लागे. नाचायची गाणी चिंचेखाली. रागदारी वडाखाली. रडायची लिंबाखाली. देवाची उंबराखाली. झाडाशिवाय म्हटलेलं गाणं म्हणजे गोंगाट. आणि गोंगाट सुरू झाला की प्रत्येकानं कान झाकायचे, असा कायदा होता.

झाड ठरवायला समिती होती. अध्यक्ष बगळेसर. ते कायम एका पायावर उभे असत. दुसरा पाय टेकवायचा तर ठराव लागे.

"कुठल्या झाडाचा अल्बम?" बगळेसरांनी विचारलं.

"थोडा चिंचेचा, सर. थोडा वडाचा. शेवटी लिंबाचा म्हणा."

"मी कशाला म्हणू? तुम्ही म्हणा."

"तुम्ही एकदा ऐका आणि ठरवा ना."

"झाड ठरण्याआधी ऐकला तर तो गोंगाट. मी अध्यक्ष होऊन गोंगाट ऐकू?"

म्हणून समितीनं न ऐकता चर्चा सुरू केली. चर्चा छान रंगली. पोपटानं परीक्षणही लिहिलं : 'धाडसी प्रयोग, पण शेवटाकडे रेंगाळतो.'

"तू ऐकलास?" धुंडानं विचारलं.

"छे! कायदा आहे ना. पण रेंगाळतच असणार."

वाटेत साळिंदर भेटला. "काय धुंडोबा, अंगाई म्हणे? अरे, एकेकाळी तू ओरडलास की झाडांची पानं गळायची!"

"शिशिर होता रे तेव्हा."

धुंडाला टाळ्यांची घाई नव्हती. त्याला ते शेवटचं गाणं सुतारणीला ऐकवायचं होतं. तिची पिल्लं उडू लागली होती. चार दिवसांत ती त्यांना घेऊन नदीपलीकडे माहेरी जाणार होती, कायमची. म्हणून एके सकाळी तो तिच्या ढोलीखाली जाऊन उभा राहिला.

"वहिनी, हळूच म्हणतो. कुणाला कळणार नाही."

सुतारणीनं पंखांनी कान झाकले. "नको, भाऊजी. यांची आठवण आहे ना त्यात? मग गोंगाट म्हणून नाही ऐकायची मला. झाड मिळू दे. सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसते की नाही बघा."

धुंडा पुन्हा बगळेसरांकडे गेला. यावेळी तो दात दाखवून बोलला. समितीनं त्याच दिवशी ठराव केला की अशा गाण्यांसाठी नवं झाड असावं. जांभळाचं वीतभर रोप लावलं. 'संमिश्र वृक्ष' अशी पाटी लावली. पाटी रोपापेक्षा मोठी होती.

कार्यक्रमाला सगळं जंगल आलं. सुतारीण खरंच सगळ्यांच्या आधी आली आणि पिल्लांना घेऊन पुढे बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला निघायचं होतं.

धुंडा गायला. हरणं नाचली. कव्वालीला वटवाघळंसुद्धा सरळ बसली. अंगाईला रेड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चिखल गेला," तो म्हणाला.

मग शेवटचं गाणं. धुंडानं श्वास घेतला. तेवढ्यात बगळेसर म्हणाले, "त्यापूर्वी, एक छोटासा सत्कार."

शाल आली. नारळ आला. बगळेसर 'कला म्हणजे काय' यावर बोलले. पोपट 'हे मी आधीच लिहिलं होतं' यावर बोलला. साळिंदर सुतारावर बोलायला उभा राहिला आणि स्वतःवर बोलला. आभार माकडिणीनं मानले, प्रत्येकाचं नाव घेऊन.

तोवर ऊन उतरलं आणि कोल्हे येऊन उभे राहिले. "आमची वेळ झाली," ते म्हणाले. तिन्हीसांज त्यांची, हे आजोबांपासून ठरलेलं होतं.

"वेळेअभावी," बगळेसर म्हणाले, "शेवटचं गाणं झालं असं समजू या."

टाळ्या पडल्या.

"वहिनी, थांबा, एकच राहिलंय!" शालीत पाय अडकत धुंडा पुढे आला.

"पोरांना अंधारात उडता येत नाही हो, भाऊजी," सुतारीण म्हणाली. "झाली ती छान झाली. यांना आवडली असती." आणि पिल्लांना पुढे घालून ती उडाली.

पहाटे ती नदीपार गेली. त्याच पहाटे सशांनी रोप खाल्लं. कोवळं होतं. पाटी अजून आहे.

तात्पर्य : कलावंताचा सन्मान वेळेवर करावा, त्यात हयगय नको. गाणं काय, सवडीनं ऐकता येतं. त्या जंगलानं धुंडाचा सन्मान अगदी वेळेवर केला, याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं. सुतारणीनं ते गाणं ऐकलेलं नाही.