तिसऱ्या रिंगच्या आत

मोरिवाकीसाहेबांना आपल्या एका गुणाचा फार अभिमान होता. तीन पिढ्यांची माणसं एका खोलीत ठेवूनही त्यांनी कधी भांडण होऊ दिलं नव्हतं. "माणसं सांभाळणं म्हणजे लोणचं मुरवणं," ते बायकोला सांगत. "सारखं झाकण उघडून बघायचं नाही."

खरं म्हणजे झाकण उघडायची त्यांना भीती वाटायची. जपानमधल्या कोजिमा गावातल्या एका शालेय गणवेशाच्या कंपनीत त्यांचा विक्री विभाग तीनच माणसांचा. एका बाजूला सदुसष्ट वर्षांचे कुराशिगेसान. एके काळी हेच मोरिवाकींचे साहेब. निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतले तेव्हा आपल्याच शिष्याच्या हाताखाली आले. दुसऱ्या बाजूला तेवीस वर्षांची नागोशी. आणि मध्ये मोरिवाकीसाहेब, अडकित्त्यातल्या सुपारीसारखे.

गेल्या वर्षी विभागातले दोन तरुण सोडून गेले होते. संचालक इगावांनी तेव्हा चहा पिता पिता सांगितलं होतं, "आणखी एक पोर गेलं, तर तुम्ही बंदरावरचं गोदाम सांभाळा." त्या गोदामात खोकी, वारा आणि एक मांजर एवढंच होतं. ते मांजरही कुणाशी बोलत नसे.

कुराशिगेसानांचा एक जुना नियम होता : फोन तिसरी रिंग व्हायच्या आत उचलायचा, आणि तो सगळ्यांत धाकट्याने. नागोशीला फोनचीच धास्ती. रिंग वाजली की ती स्टेपलर शोधायला लागे. त्यावरून कुराशिगेसान तिला टोकायचे, म्हणून गेल्या आठवड्यात साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "तिला काही म्हणजे काही बोलू नका."

"बरं साहेब," म्हातारा म्हणाला. मग तो कुणालाच काही बोलेनासा झाला. साहेबांना वाटलं, लोणचं छान मुरतंय.

मार्च महिना, शाळांच्या ऑर्डरींची ऐन धांदल. एका सकाळी साहेब आले तर नागोशीची खुर्ची रिकामी. कुराशिगेसानांचं जाकीट मात्र नेहमीसारखं खुर्चीच्या पाठीवर. ते सकाळी खाली कापडाच्या कटिंगवाल्यांशी वाद घालायला जात, तेव्हा त्यांच्या जागी जाकीटच हजर असे.

फोन वाजला. साहेबांनी उचलला.

"नमस्कार, मी 'सुटका सेवे'तून बोलतोय. आपल्या विभागातील एका कर्मचाऱ्याच्या वतीने..."

साहेबांची नजर नागोशीच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. ज्यांना राजीनामा तोंडावर सांगायला जड जातं, त्यांच्यासाठी या कंपन्या निघाल्या होत्या. फी भरली की त्यांचा माणूस साहेबाला कळवतो, अमुक आजपासून येणार नाही. नागोशीचं नाव कानावर पडलं की ते खरं ठरणार!

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही हो," साहेब ओरडले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

तेवढ्यात नागोशी धापा टाकत आली. "माफ करा साहेब, गाडी लेट होती. ही स्टेशनवरून आणलेली उशिराची चिठ्ठी."

सामान न्यायला आली असणार, साहेबांच्या मनात आलं. पुन्हा फोन यायच्या आत हिचं मन वळवायलाच हवं.

"चिठ्ठी कशाला? तुझ्यावर विश्वास नाही का?" ते म्हणाले. "आणि ही खिडकीजवळची माझी जागा आजपासून तुझी."

"का?"

"ऊन चांगलं येतं."

फोन वाजला. साहेबांनी झडप घातली, उचलला आणि ठेवला. "राँग नंबर," ते हसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी खालून क्रीमचा पाव आणला, तिचा चहा स्वतः केला, तिने चुकवलेल्या मापांच्या यादीलाही 'धाडसी' म्हटलं. दर वेळी फोन वाजला की ते घारीसारखे झेपावत.

दुपारपर्यंत नागोशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब," ती म्हणाली, "मला काढून टाकताय ना? माझ्या मैत्रिणीचे साहेब आदल्या दिवशी असेच गोड बोलत होते."

"मी? मी तुला? अगं, तूच तर..."

तेवढ्यात दारात संचालक इगावा उभे राहिले. "मोरिवाकी, सकाळपासून कुणीतरी फोन करतंय आणि तुम्ही आपटताय, अशी ऑपरेटरची तक्रार आहे."

फोन वाजला. संचालकांसमोर साहेबांना झेपावता येईना. दुसरी रिंग झाली आणि वर्षभरात पहिल्यांदाच नागोशीने फोन उचलला.

"हो... हो... कळवते." तिने फोन खाली ठेवला. "सुटका सेवेचा होता. कुराशिगेसान आजपासून येणार नाहीत म्हणे."

"हात्तिच्या! म्हातारा होय!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. सुटलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

मग त्यांची नजर त्या खुर्चीवर गेली. जाकीट होतं, पण खालची उशी, जी कुराशिगेसान बाईच्या पर्ससारखी सांभाळत, ती नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुख्याध्यापकांपुढे मोरिवाकींची बोबडी वळली होती, तेव्हा याच माणसाने टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबून धरला होता.

"आणखी काही म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"समोर सांगायचा धीर होत नाही, मोरिवाकी रडेल, असं म्हणाले." नागोशीने मान खाली घातली. "आणि या विभागात फक्त तरुणांनी जायचं नाही असा नियम आहे, म्हाताऱ्यांना मोकळीक आहे, असंही म्हणाले."

इगावांनी घसा साफ केला. "सगळे मुख्याध्यापक कुराशिगेंशीच बोलतात. उद्यापासून तुम्ही कुणाशी बोलणार? मांजराशी?" एवढं बोलून ते निघून गेले.

मग साहेब हळूच म्हणाले, "नागोशी, त्या सुटका सेवेचा नंबर आहे का गं?"

"आहे. मीच दिला होता कुराशिगेसानांना. मी कामाला लागले त्याच दिवशी घेऊन ठेवला होता." ती घाबरली. "तुम्हीही चाललात?"

"छे." साहेबांनी दार लोटून घेतलं. "त्यांना परत बोलवायचंय. पण समोर जाऊन सांगायला मलाही भीती वाटते. असं उलटं काम करतात का ते, विचार ना जरा."