चिमीचे डोळे आणि बकुळाबाईंची थाळी

फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत इतकी शांतता मी पूर्वी एकदाच अनुभवली होती: जानेवारीत मोर्चावर झालेल्या गोळीबारानंतर कमलाकांतचे प्रेत घरी आणले, त्या दुपारी. आज त्याची आई, आमच्या शेजारच्या सुंदराकाकू, उंबरठ्यावर बसल्या होत्या. मांडीवर त्याचीच मांजर, चिमी. समोर घोडपदेवहून आलेले त्यांचे धाकटे भाऊ राजारामभाऊ. कपातल्या चहावर साय धरली होती.

"अक्का, तुला न्यायलाच आलोय," ते अखेर म्हणाले. "पण हे डोळे आलेलं जनावर नको. घरात तान्हं पोर आहे."

चिमीचा उजवा डोळा चिकटून मिटला होता. डावा अखंड पाझरत होता. काकूंनी मान खाली घातली. मुलगा गेल्यापासून त्या या एका जिवाशीच काय ते बोलत.

"राजारामभाऊ," मी पुढे सरसावलो, "संध्याकाळपर्यंत हे डोळे आरशासारखे करून देतो! मग न्याल ना?"

"बघू," म्हणत ते ठाकुरद्वाराकडे कामाला निघून गेले.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो आहे. डोळ्यांतील पाणी या विषयावर मुक्तछंदात माझ्याइतके क्वचितच कोणी लिहिले असेल. एका मांजराचे डोळे ते काय!

निदान तर मी क्षणात केले. परवाच नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. सगळी वाडी रडली, मग चिमीच कशी सुटेल? आणि त्यावरचा उपाय गिरगावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता: ओला पंचा आणि नाकाशी फोडलेला कांदा!

मी चिमीला ओल्या पंच्यात गुंडाळले, बुक्कीने कांदा फोडला आणि तिच्या नाकाशी नेला. तिने एक आर्त तान घेतली, माझ्या मनगटावर एक आख्खे कडवे कोरले आणि ती जिन्याकडे उधळली! तिच्यामागे मी. खांद्यावर ओला पंचा, हातात कांदा, डोळ्यांतून धारा!

"काय झालं हो, बी. ए.?" बकुळाबाईंनी समोरच्या खोलीतून डोके काढले.

कांद्याने माझा घसा दाटला होता. मी नुसते जिन्याकडे बोट दाखवले.

"अगो बाई! मेल्यांनी परत धूर सोडला!"

पोलीस गल्लीत वळले की बायकांनी गॅलरीतून थाळी बडवायची, ही वाडीची रीत. बकुळाबाईंनी लाटणे उचलले. त्यांच्या थाळीला दुसरी मिळाली, मग सगळा मजला, मग समोरची चाळ! खिडक्या धडाधड मिटल्या. घरोघरी कांदे फुटले. तिसऱ्या मजल्यावरून कोणी अश्रुधुराचे नळकांडे विझवायला भरली बादली ओतली, ती नेमकी परतणाऱ्या राजारामभाऊंच्या परीटघडीच्या धोतरावर!

"अरे, धूर कुठाय?" ते खालून ओरडले. वर पाहतात तो प्रत्येक कठड्याशी लालबुंद, गळते डोळे. "च्यायला! आख्ख्या वाडीचेच डोळे आलेत की काय!"

आणि त्या गदारोळात सुंदराकाकू उठल्या. कठड्याशी आल्या. वाकून त्यांनी हाक मारली,

"कमळू! खाली जाऊ नको रे! पान वाढलंय!"

बकुळाबाईंचे लाटणे हवेतच राहिले. मग एकेक थाळी मुकी झाली. जानेवारीतही थाळ्या अशाच वाजल्या होत्या, आणि कमलाकांत भरल्या पानावरून उठून खाली गेला होता.

राजारामभाऊ निथळतच वर आले. पाण्याच्या पिंपामागे लपलेल्या चिमीला त्यांनी हलकेच ओढून काढले आणि मांडीवर धरले. "पाणी उकळा," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "कोमट झालं की आणा. आणि कापूस."

यावेळी मी कवितेला दूर ठेवले. नाकाकडून बाहेर, अगदी अलगद पुसत गेलो, प्रत्येक डोळ्याला निराळा बोळा. खपली भिजली, सुटली; डोळा उघडला. बोळ्यावर करडा गाळ उतरला होता.

"शेगडीची राख की हो ही!" बकुळाबाई पुटपुटल्या. "तिथंच तोंड खुपसून झोपते ती. कसला धूर नि कसलं काय, बी. ए.!"

कोणी हसले नाही. मीही नाही.

"म्हणजे लागण नाही ही," राजारामभाऊ म्हणाले. "घे अक्का, टोपलीत घाल तिला. नेऊ आपण."

मी जिंकलो होतो! निदान तेवढ्यापुरते मला तसे वाटले.

काकूंनी चिमीला उचलले, तिचे कपाळ पदराने टिपले आणि तिला माझ्या हातांत ठेवले.

"हिला राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "तो आला, तर दाराशी ओळखीचं कुणी हवं ना?"

ज्याच्या जिभेवर शब्द सदैव तयार असतात असा माझा लौकिक, त्या मला एवढेच सुचले, "काकू, तुम्ही परत कधी याल?"

त्यांनी दार सताड उघडे ठेवले, आणि भावामागोमाग त्या जिना उतरू लागल्या.