मेश्राम डॉक्टर आणि टिल्लूचं पित्त

आमचे शेजारी मेश्राम डॉक्टर नमस्काराला नमस्कार करत नाहीत. अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढून आत डोकावतात. सगळं आयुष्य जनावरांच्या डॉक्टरकीत गेलं, त्यामुळे माणसंही त्यांना त्यातलीच वाटतात. "आधी डोळे दाखवा, मंग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाची पापणी ओढली. नवरदेव ठणठणीत निघाला, पण तोवर मुलीकडच्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचा कुत्रा टिल्लू ओकायला लागला, डोळे पिवळेधमक झाले. बायकोने गल्लीतल्या मावशींकडून काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली आणि पुढ्यात उसाचा रस ठेवला. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. टिल्लूने तेवढी वाट न पाहता माळ चावून टाकली.

"वहिनी, जावई आहे का हा, रस पाजून राहिल्या ते?" डॉक्टर कडाडले. "पित्ताची वाट बंद झाली त्याच्या. माळ काय करन तिथं?"

सोनोग्राफीत दिसलं, की पित्ताशयात पित्त जेलीसारखं घट्ट झालंय. फुटलं तर टिल्लू हातचा जाणार. "पिशवीच काढा लागते गा," डॉक्टर म्हणाले. टिल्लू म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ.

ऑपरेशन त्यांच्या एका विद्यार्थिनीने केलं. डॉक्टर बाहेर येरझारा घालत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पापण्या ओढत होते.

ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर टिल्लू जेवेना. सावजी रश्शात बुडवलेल्या पोळीची सवय. आता बिनतेलाचा, बिनमिठाचा उकडलेला भात आणि कोंबडी. त्याने तोंड फिरवलं. पोटात काही गेलं नाही तर सगळं मुसळ केरात!

डॉक्टरांनी त्याच्यासमोर मांडी घातली आणि तोच भात स्वतःला वाढून घेतला. "जेव गा टिल्लू, मी बी जेवून राहिलो."

टिल्लू बघत राहिला. मग हळूच ताट चाटू लागला. बायकोला रडूच फुटलं. डॉक्टर मात्र दुसऱ्यांदा भात मागत होते.

"एवढं बेचव तुम्हाला गेलं कसं?" मी विचारलं.

"तुझी वहिनी गेली तवापासून ओट्यापाशी उभ्यानंच गिळतो मी," ते म्हणाले. "आज बसून जेवलो."

दुसऱ्या दिवशी टिल्लूने आपणहून ताट चाटूनपुसून साफ केलं. तेवढ्यात डॉक्टर दारात आले.

"जेवला का?"

"सगळं जेवला!" मी आनंदाने सांगितलं.

"चांगलं झालं," म्हणत ते मागे वळले. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण बायकोला माझ्या आधी दिसला होता.

"कुठचं सगळं, भाऊजी! अर्धं तसंच टाकलं त्यानं," ती आतून म्हणाली. "या, बसा. ताट वाढून राहिली मी."