भारतीची अर्धी राहिलेली शीट

भारती झोपलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याला ड्रॉइंग बोर्डची क्लिप लावते. हो, तीच ती, शीट घट्ट धरून ठेवणारी. पहिल्यांदा माझ्या अंगठ्याला लावली तेव्हा मी अशी किंचाळले की खालचे घरमालक काका जेवता जेवता उठून वर आले. बिचारे सेकंड शिफ्ट करून नुकतेच पानावर बसले होते. त्यांना वाटलं, साप निघाला. भारती शांतपणे म्हणाली, "काही नही काका, सबमिशन शे."

भारती नामपूरची, म्हणून 'आहे'चं 'शे'. आम्ही डिप्लोमाला, मेकॅनिकलला. अख्ख्या वर्गात मुली मोजून तीन, त्यामुळे मी, केतकी आणि ही भारती आपोआपच एकत्र आलो. मी आणि केतकी नाशिकच्याच, रोज घरी जाणाऱ्या. भारतीने सातपूरला गच्चीवरची एक खोली घेतली होती. सबमिशनच्या आदल्या रात्री आमचा मुक्काम तिथे.

कारण उघड आहे. मशीन ड्रॉइंगची शीट स्वतःच्या डोक्याने काढणारी आमच्यात ती एकटीच. आम्ही करायचो जीटी, ग्लास ट्रेसिंग. म्हणजे दोन डब्यांवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर भारतीची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. यात अक्कल लागत नाही, फक्त मान लागते.

पण भारतीची शीट कधी वेळेवर पूर्ण झाली असेल तर शपथ! आठ दिवस आधी विचारा, "बाकी शे." आदल्या दिवशी विचारा, "थोडी बाकी शे वं, तुम्ही या तर खरं." गेलं की पोहे तयार. त्यावर गावाहून आणलेला कांदा, कारण नाशिकमधला कांदा म्हणजे तिच्या मते नुसतं पाणी. मग तिच्या आत्याने बाजार समितीच्या गेटवर एका ट्रॅक्टरवाल्याला कसं खाली उतरवलं, ती गोष्ट. मग सगळ्यांनी उभं राहून तोंड धुवायचं. कोणी जांभई दिली की ती म्हणायची, "झोप काय, उद्या बी येते." आणि कोणी आडवं झालं की क्लिप.

तिसऱ्या सेमिस्टरला माझी पाचावर धारण बसली होती. दोन शीटा आधीच उशिरा दिल्या म्हणून सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या दहाला शेवटची शीट टेबलावर नसेल तर टर्म देणार नाही." टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि भारतीबाई रात्री दोन वाजता निवांत पेन्सिलीला टोक काढतायत!

"भारती, किती राहिलं गं?"

"बेअरिंगची एक बाजू बाकी शे. माय वं, किती घाई!"

तीन वाजता केतकी भिंतीला टेकून पेंगायला लागली. मी म्हटलं, निदान माझी शीट बोर्डवर लावून तरी ठेवावी. चिकटपट्टी शोधायला गादी उचलली, आणि हादरलेच. खाली शीट. पूर्ण. बेअरिंगच्या दोन्ही बाजू, मापं, नावाचा चौकोन, सगळं. कोपऱ्यात सरांची लाल सही, आणि सहीखाली बारा दिवसांपूर्वीची तारीख! भारतीची बॅच वेगळी. तिने कधीच तपासून घेतली होती.

मग बोर्डवर काय होतं? मी वाकून पाहिलं. या बाईने स्वतःच्याच शीटची जीटी मारली होती, आणि मधल्या रेघा मुद्दाम गाळल्या होत्या! शीट अर्धी राहावी म्हणून इतकी मेहनत घेतलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला हाताला धरून गच्चीवर ओढत नेलं. "अगं, माझं वर्ष जाईल! तुला काही वाटतं का? प्रत्येक वेळी हेच करतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "आधी दिली असती तर तू ती घेऊन घरी गेली असती. इथं कोण येणार होतं?"

मी तिचा हात सोडला.

"घर अकरा जण झोपतस, एकच रांगमा," ती म्हणाली. रडू आलं की तिचं नाशिकचं मराठी सुटतं आणि अहिराणी वर येते. "आज्जी घोरस, धाकला लाता मारस. आठे मी एकलीच शे. झोपच येत नही." घरी सगळे ओळीने झोपतात, आणि इथे ही एकटी. मग नाक पुसून म्हणाली, "तुम्ही येता आणि तुम्ही बी झोपता. मग मी परत एकटीच ना."

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. लाजच वाटली. तीन सेमिस्टर हिचे पोहे खाल्ले, आणि एकदाही विचारलं नाही की इतर रात्री ही काय करते.

भारतीने गाळलेल्या रेघा भराभर भरल्या. केतकीला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, "झाली बाई शीट!" साडेनऊपर्यंत दोघींनी गिरवलं. दहाला पाच मिनिटं असताना माझी शीट टेबलावर पडली. सरांनी एकदा शीटकडे, एकदा माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि सही केली. टर्म मिळाली.

मी घरी जाऊन संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. उठले, जेवले, आणि आईला म्हणाले, "भारतीकडे जाते. सबमिशन आहे."

"पुन्हा? कालच झालं ना?"

"एक बाकी आहे."

भारतीने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहराच उतरला. "काय झालं? सरांनी परत दिली?"

"नाही गं. झोपायला आले."

तिने गादी ओढली, भिंतीकडची बाजू मला दिली, दिवा घालवला. मी तिच्या आत्याबद्दल काहीतरी विचारत होते, पण उत्तर येईना. पाहते तर बाई गाढ झोपलेली, तोंड उघडं, एक पाय माझ्या पायावर. तीन सेमिस्टरमध्ये मी तिला झोपलेलं पहिल्यांदाच पाहत होते.