बिनफोडणीचा महिना

"एक महिना. फक्त एक महिना. त्यानंतर अंगावर एक जरी गांधी उठली तर नाव बदलीन," असं धर्माजी तामोरे बायकोला म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना शंका आली की नाव बदलायचं झालं तर अर्ज कुठे करतात. उभ्या जन्मात त्यांनी छातीठोकपणे केलेलं हे पहिलंच विधान होतं. बोईसरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्यात त्यांची नोकरी संपली. मुलं त्यांना सर म्हणायची, इमारतीतले शेजारी अजूनही म्हणत, आणि दरवेळी तामोऱ्यांना वाटे की आपण शिक्षक नव्हतो हे एकदा स्पष्ट करायला हवं. पण तोवर समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असे.

दोन वर्षं त्यांच्या अंगावर लाल, खाजऱ्या गांध्या उठत होत्या. पोटावर, मांड्यांवर आणि पाठीवर नेमका हात पोचत नाही तिथे. गोळी घेतली की झोप यायची आणि झोपेतही ते खाजवायचे. शेवटी पुण्याच्या सुनेनं, सलोनीनं, फोनवर उपाय पाठवला. महिनाभर सगळं संशयित अन्न बंद. गहू, ज्वारी, डाळी, दूध, साखर, चहा, बाजारचं तेल, पाकिटातलं काहीही नाही. जे खायचं ते घरी शिजवायचं, चटण्या आणि सॉससुद्धा घरीच करायचे. मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा. ज्यानं गांधी उठेल तो गुन्हेगार.

तामोऱ्यांना ही पद्धत फार पटली. यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

"घरात ठेवलंत तर हात जाईल, बाबा," असं सलोनीनं बजावलं होतं. म्हणून बायको, गोदूबाई, बाजारात गेलेली असताना त्यांनी स्वयंपाकघर रिकामं केलं. पीठ, डाळी, साखर, तेलाचा डबा, सगळं पहिल्या मजल्यावरच्या रंभाबाईंना नेऊन दिलं. रंभाबाई आणि त्यांचे यजमान पुंजाराम मूळचे जालन्याकडचे, कारखान्याच्या नोकरीपायी इथे आलेले. शेवटच्या खेपेला तामोऱ्यांनी मसाल्याची मोठी बरणीही दिली.

ती बरणी म्हणजे गोदूबाईंचं वर्ष होतं. दर उन्हाळ्यात त्या शिरगावला माहेरी जात, भावजयांबरोबर मिरच्या भाजत, डोळे सुजेस्तोवर कुटत आणि बरणी मांडीवर घेऊन रिक्षानं परत येत.

गोदूबाई आल्या. त्यांनी रिकामं फडताळ पाहिलं.

"बरणी?"

"रंभाबाईंना दिली."

"किती?"

"सगळी."

त्या ओरडल्या असत्या तर तामोऱ्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवीतून काढलेली मच्छी परत पिशवीत घातली. "आता तुझं तूच रांध," म्हणाल्या आणि शिरगावला भावाकडे निघून गेल्या.

त्यानंतर तामोऱ्यांनी सलोनीचे नियम पुन्हा वाचले. घरी कुटलेला मसाला चालतो, असं तिसऱ्याच ओळीत होतं.

फोन करावा असं त्यांना त्याच संध्याकाळी वाटलं. पण सुरुवात कशी करायची? "गोदू, माझं चुकलं" हे फार थेट होतं. "गोदू, कशी आहेस" हे फार निर्लज्ज होतं. चांगलं वाक्य सुचेपर्यंत पथ्य तरी नीट पाळावं, असं त्यांनी ठरवलं. अंग बरं झालं की ती निदान बघायला येईल.

मग त्या घरात सुरण उकडू लागलं. लाल भोपळा उकडू लागला. दोडका उकडल्यावर त्याच्याकडे बघवेना, तरी ते खात. मच्छी नियमात बसत होती, पण बाजारातल्या सगळ्या कोळणी गोदूबाईंच्या ओळखीच्या. "गोदू कुठाय?" असं कुणीतरी विचारणारच, या भीतीनं ते मासळीबाजाराच्या गल्लीतून जाणंच टाळू लागले. त्यामुळे तामोऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावरून रोज दुपारी येणारा चुर्र आवाज आणि त्यामागून येणारा वास, दोन्ही बंद झाले. पूर्वी त्या वासानं नाक मुरडणाऱ्या रंभाबाई आता खिडकी उघडून थांबायच्या. वास काही यायचा नाही.

फिक्या जेवणाला चव यावी म्हणून तामोऱ्यांनी मोहरीचा सॉस करायचं ठरवलं. त्याला शिरका, म्हणजे व्हिनेगर, हवा, तोही घरचा. ताडी आंबवली की शिरका होतो असं त्यांनी वाचलं होतं. जन्मात कधी ताडीला न शिवलेला हा माणूस बेटेगावच्या रस्त्यावर जाऊन मोठा कॅन भरून ताडी घेऊन आला. जिन्यात रंभाबाई भेटल्या. तामोऱ्यांनी कॅन पाठीमागे लपवला, पण वास लपवता आला नाही.

ताडी आंबल्यावर त्यांनी मोहरी भिजवली, मिक्सरमध्ये घातली, वरून आंबट ताडी ओतली आणि बटण दाबलं. झाकण लावायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. सगळा सॉस डोक्यावर, भुवयांत आणि कानांत गेला. धुतल्यावर मोहरी अधिकच चढली. दुसऱ्या दिवशी डोक्याची कातडी इतकी पेटली की न्हावी मेहुल कंगवा लावायला तयार होईना.

"पूर्ण काढावे लागतील, काका."

"काढ," तामोरे म्हणाले. डोळे अजून लालच होते आणि त्यांतून पाणी गळत होतं.

गुळगुळीत डोकं घेऊन ते जिना चढले. पुन्हा रंभाबाई. या वेळी त्यांच्या हातातली बादली खाली टेकली आणि तोंडावर पदर गेला.

बाई आठ दिवस दिसत नाही. घरात फोडणीचा आवाज नाही. तिच्या हाताचा मसाला नवऱ्यानं देऊन टाकला. माणूस दारू आणू लागला, त्याचे डोळे सुजलेत, आणि आता मुंडण. रंभाबाईंच्या गावी यातल्या दोन गोष्टी दिसल्या तरी लोक दारात जमतात. इथे तर सगळ्याच होत्या.

त्या संध्याकाळी पुंजाराम कामावरून आले ते कपडेही न बदलता वर गेले. तामोऱ्यांनी दार उघडलं. पुंजाराम आत येऊन खाली सतरंजीवर बसले. खुर्ची असताना खाली का, हे तामोऱ्यांना कळेना, म्हणून तेही खाली बसले. चहा विचारायचा तर घरात चहा नव्हता, साखर नव्हती, दूध नव्हतं. पुंजारामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि उठून निघून गेले. "येतो" म्हणाले नाहीत.

मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत, हे तामोऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. आपल्या घरात मयत झालंय हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, चहा दिला नाही म्हणून राग आला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई डबा घेऊन आल्या. पिठलं आणि भाकरी.

"सर, आमाला समदं कळलंय," त्या म्हणाल्या. "कामून नाही सांगितलं? आमी काय परके हाव?"

तामोऱ्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बायको सोडून गेल्याचं इमारतीत कळलं तर. "सांगण्यासारखं नव्हतं," ते पुटपुटले.

"लई तरास झाला का त्यांना?"

"झाला असणार. माझ्यामुळेच."

"असं मनाला लावून घेऊ नका. शेवटचं काही बोलल्या का?"

तामोऱ्यांनी प्रामाणिकपणे आठवलं. "'आता तुझं तूच रांध' म्हणाली."

रंभाबाईंना हुंदका आवरेना. "बगा, शेवटपर्यंत नवऱ्याच्या पोटाचीच काळजी," त्या म्हणाल्या आणि त्याही "येते" न म्हणता जिना उतरल्या.

तामोऱ्यांनी डबा उघडला. डाळीचं पीठ, ज्वारी, बाजारचं तेल. तिन्हींना बंदी होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं संपवलं आणि बोटं चाटली. मग स्वतःची लाज वाटून बसून राहिले. रात्रीचा डबा तळमजल्यावरून आला, सकाळचा चौथ्या मजल्यावरून. "दहा दिवस चूल पेटवायची नाही, सर. आम्ही वाटून घेतलंय," असं एकजण म्हणाला. बायको सोडून गेलेल्या माणसाला लोक इतकं सांभाळतात हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तामोरे दारातच रडले. त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली.

रविवारी संध्याकाळी पुंजाराम आले. "सर, जरा खाली या. समदे थांबलेत."

वाहनतळावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर गोदूबाईंचा मोठा केलेला फोटो होता, हळदीकुंकवाच्या गर्दीतून कापून काढलेला. त्याला झेंडूचा हार होता.

दुसरा कुणी असता तर "अहो, हे काय?" म्हणाला असता. तामोऱ्यांच्या डोक्यात आलं ते वेगळंच. इतकी माणसं एकदम चुकणार नाहीत. चुकायचंच तर आपण एकटे चुकू. तिचा रक्तदाब वाढायचा. आठ-दहा दिवस झाले, आपण एक फोन केला नाही. शिरगावहून निरोप आला असेल, आपल्यालाच द्यायला कुणी धजलं नसेल. किंवा भावानं मुद्दाम दिला नसेल. आपल्या वागण्याला ते शोभलंच असतं.

त्यांनी गोदूबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिचा भाऊ नवशा याला लावला. तो बंदच होता.

"आता कुणाला लावता, सर," पुंजाराम हळूच म्हणाले आणि त्यांनी तामोऱ्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "दोन शब्द बोला. मन मोकळं व्हतं."

तामोरे आयुष्यात चार माणसांपुढे बोलले नव्हते. ते उभे राहिले.

"गोदू चिडली की बोलत नसे," ते म्हणाले. "आणि मी कधीच बोलत नसे. त्यामुळे ती नेमकी कधी चिडलेली आहे, हे मला चाळीस वर्षांत नीट कळलं नाही." कुणीतरी नाक ओढलं. "ती उन्हात बसून कुटायची. मी आत पंख्याखाली वाचायचो. त्या दिवशी मी तिचा फक्त मसाला दिला नाही, तिचे सुजलेले डोळेही देऊन टाकले. फोन करायचा होता. वाक्य शोधत होतो. इतके दिवस वाक्य शोधत होतो मी."

याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. इमारतीच्या ग्रुपवर टाकलेला हारासकटचा फोटो कारखान्याच्या शिफ्टच्या बसमधल्या एका शिरगावच्या पोराला मिळाला होता आणि तिथून तो शिरगावात पोचायला फारसा वेळ लागला नव्हता. कुणी हार घातला ते बघायला गोदूबाई स्वतः आल्या होत्या. बरोबर नवशा होता. चौथ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं अदबीनं त्यांच्या हातात फुलं दिली आणि टेबलाकडे वाट करून दिली.

गोदूबाई फुलं घेऊन स्वतःच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"यो फोटो कुणी निवडला?" त्या म्हणाल्या. "डोळे मिटलेत माझे."

रंभाबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. पुंजारामांच्या हातातली उदबत्ती पडली. नवशानं सगळीकडे पाहून घेतलं आणि तो तामोऱ्यांकडे वळला. "भावोजी, ही आमच्या अंगणात वाळत घातलेले बोंबील राखत व्हती. तुमी इथं कुणाला जाळलंत?"

तामोरे खुर्चीवर बसले आणि बसूनही पडायचे बाकी राहिले.

लोक हळूहळू पांगले. जाताना मात्र सगळे आठवणीनं "येतो" म्हणाले. नवशा त्याच रिक्षानं परत गेला. वर घरात गोदूबाईंनी रिकाम्या फडताळाकडे पाहिलं, उकडलेल्या सुरणाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्याकडे.

"फोन का नाय केलास?"

"केला. मघाशी."

"मघाशी मी मेलेली."

"त्याआधी वाक्य सुचत नव्हतं."

"खाली सुचलं ते?"

"खाली तू नव्हतीस."

"आनि डोकं माझ्यासाठी काढलंस?"

हो म्हणायला जिभेचं एक वळण पुरलं असतं. तामोऱ्यांनी मान खाली घातली. "मोहरीमुळे."

गोदूबाईंनी सुस्कारा सोडला. ओट्यावर संध्याकाळचा डबा होता. त्यांनी तो उघडला, खाली बसल्या आणि स्वतःच्या सुतकाचं पिठलं भाकरीला लावून खाऊ लागल्या.

"उद्या कुणाचा डबा हाय?"

"तळमजल्यावरचा. पण आता बंद करतील. तू—"

"किती दिवस देणार व्हते?"

"दहा."

"लग्न झाल्यापासून मला कुणी रांधून वाढलं नाय," गोदूबाई म्हणाल्या. "मरायला लागलं त्यासाठी. दहा दिवस मी ऱ्हाते. पुढचं मग बघू."

तामोऱ्यांना हे ऐकून इतकं हलकं वाटलं की ते भिंतीला टेकले.

"पन हे फिकं नको. आत्ता जा खाली, रंभाबाईला सांग. डबे चालू ठेवा म्हनावं, आनि तिखट पाठवा. तूच सांगायचं. मी नाय सांगनार."

"आत्ता?"

"वाक्य शोधत बसू नको."

तामोरे उठले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांनी वाक्य घोळवलं. "माझी बायको जिवंत आहे, तरी डबा चालू ठेवाल का?" हे उद्धट वाटत होतं. "डबा चालू ठेवाल का, कारण ती जिवंत आहे," हे त्याहून वाईट होतं. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कडी वाजवली.

रंभाबाईंनी दार उघडलं. सरांचं गुळगुळीत डोकं पाहिलं, पांढरा चेहरा पाहिला, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "आता कोण, सर?"